अवरक्त शोषण बदलते ठेवण्यासाठी जीएसटी की व्हॅनेडियम डायऑक्साइड?

खानापूरकर:
मी बेळगावात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतो. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत अवरक्त थर्मामीटरने काळपट बिडाच्या ओतकामाचे तापमान नीट दाखवले, पण शेजारच्या तितक्याच तापलेल्या, घासून चकचकीत केलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचे फारच कमी दाखवले. जो पृष्ठभाग अवरक्त किरणे शोषत नाही तो ती उत्सर्जितही करत नाही, हा किरचॉफचा नियम त्या दिवशी हातात आला. एकाच पृष्ठभागाचे शोषण हवे तेव्हा बदलता येते, असे वाचनात आले आहे. त्यात मेटासरफेसच्या, म्हणजे तरंगलांबीहून बारीक नक्षी कोरलेल्या पातळ पृष्ठभागाच्या, नक्षीचे काम कोणते आणि पदार्थाचे कोणते?

निपाणीकर:
नक्षी तरंगलांबी निवडते, पदार्थ ती सरकवतो. तळाशी सोन्याचा सलग थर, त्यावर जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचा, म्हणजे जीएसटीचा, पातळ थर आणि सर्वांत वर सोन्याचे सूक्ष्म चौकोन, अशी रचना समजा. तळातून काहीच पार जात नसल्याने जे परावर्तित होत नाही ते शोषले जाते. चौकोन आणि तळ यांच्यामध्ये कोणती लहर अडकेल, हे चौकोनाची रुंदी आणि मधल्या थराचा अपवर्तनांक ठरवतात. अस्फटिकी जीएसटीचा मध्य-अवरक्तातील अपवर्तनांक सुमारे ४ असतो. सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या वर तो स्फटिकी झाला की अंक ६ च्या आसपास जातो आणि शोषणाचे शिखर लांब तरंगलांबीकडे सरकते. उष्णता काढून घेतली तरी ते तिथेच राहते. मागे आणायचे तर जीएसटी सुमारे ६०० अंशांवर वितळवून क्षणार्धात निववावे लागते; पुनर्लेखनाच्या डीव्हीडीत लेसर हेच करत असे.

टिळकवाडीकर:
निपाणीकरांचे विवेचन अचूक आहे, पण नक्षी अनिवार्य आहे असा समज होऊ नये. २०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी नीलमण्यावर व्हॅनेडियम डायऑक्साइडचा अवघा १८० नॅनोमीटरचा थर दिला आणि ११.६ मायक्रोमीटरला परावर्तन ८० टक्क्यांवरून ०.२५ टक्क्यांवर आणले. हा पदार्थ सुमारे ६८ अंशांना विद्युतरोधकाचा धातूसारखा होतो, हे मॉरिन यांनी १९५९ मध्ये दाखवले होते, आणि निवला की आपोआप पूर्ववत होतो. आपल्या प्रयोगशाळेत वितळवण्याची सोय नसेल, तर मी हाच घ्या म्हणेन. एक काळजी मात्र घ्या: तापताना आणि निवताना बदल एकाच तापमानाला होत नाही, त्यामुळे दोन्ही वेळची मोजमापे वेगळी लिहा.

खानापूरकर:
मनापासून आभार. साध्या हॉट प्लेटवर ६८ अंश सहज गाठता येतात. पहिली नोंद ५० पासून ८५ पर्यंत चढताना घेतो, दुसरी उतरताना.