घोटा वाचवतील आणि चालताही येईल, असे रायडिंग बूट कोणते?

मंडळी, मदत हवी आहे. आजवर साध्या स्पोर्ट्स शूजवर बाइक चालवली. परवा सिग्नलला डाव्या बुटाची नाडी गिअर लिव्हरमध्ये अडकली, पाय वेळेत टेकला नाही आणि मी गाडीसकट आडवा! घोटा अजून सुजलेलाच आहे.

आता ईएन १३६३४ (बाइकस्वारांच्या संरक्षक बुटांचं युरोपीय मानक) लेबलवाले बूट बघतोय. त्यावरच्या चार आकड्यांपैकी शेवटचा आडव्या दाबाला बूट किती टिकतो त्याचा, तिथे मला २ (म्हणजे १ पेक्षा वरची पातळी) हवाच. पण असे कडक बूट घालून दिवसभर वावरता येतं का? एक जोड घालून पाहिला, तर पुढचा भाग इतका जाड की लिव्हरखाली पाय शिरेना. (माझे पंजे रुंद, ते वेगळंच दुखणं.) वॉटरप्रूफ अस्तरात उन्हाळ्यात पाय उकडतात का? रोज वापरणाऱ्यांनी सांगा, घोट्यापर्यंतचे घेऊ की पोटरीपर्यंतचे?