मदत हवी आहे : निकॉन झेड ६ टू की झेड ६ थ्री?

पुण्यात राहतो. हिवाळ्यात पहाटे कवडीपाटला चक्रवाक, धोबी, शेकाटे हे पक्षी कॅमेऱ्यात टिपायला जातो, कधी भिगवणलाही. आता मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचाय. २०२०चा झेड ६ टू आणि २०२४चा झेड ६ थ्री, दोन्हींचे मेगापिक्सेल २४.५च. पण थ्रीत पक्ष्यांसाठी वेगळा ऑटोफोकस आहे, टूमध्ये नाही. शिवाय थ्रीचा सेन्सर अंशतः स्टॅक्ड, म्हणजे चित्र जास्त वेगानं वाचणारा, त्यामुळे सायलेंट शटरवर उडता पक्षी कमी वाकडा येतो म्हणे. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण शटरच्या आवाजानं पक्षी बिचकतात. व्हिडिओ करत नाही.

पण टू घेतला तर उरलेले पैसे १८०-६०० मिमीच्या लांब पल्ल्याच्या लेन्सला लावता येतील, म्हणून मन टूकडे झुकतंय. टूवर उडते पक्षी टिपणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा. धुक्यात फोकस टिकतो का? आणि वापरलेली बॉडी घेताना शटर काउंटशिवाय (शटर किती वेळा चाललंय तो आकडा) काय तपासू?