मदत हवी आहे : नेव्ही ब्लू पिगमेंट ओल्या फडक्याला लागतो
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचं छोटं स्क्रीन प्रिंटिंगचं युनिट आहे, सुती कापडावर पिगमेंट (पाण्यात न विरघळणारा रंग) छापतो. किलोभर पेस्टला १२० ग्रॅम ॲक्रिलिक बाईंडर (रंग कापडाला चिकटवणारा पदार्थ), सुकवून १५० अंशांवर ३ मिनिटं क्युअरिंग, म्हणजे उष्णतेने बाईंडर पक्का करणं. फिकट रंग छान बसतात. पण गडद नेव्ही ब्लूवर ओलं पांढरं फडकं घासलं की ते निळं होतं. बाईंडर वाढवला तर कापड पापडासारखं कडक, शिवाय स्क्रीनची जाळी चोंदते. पिगमेंट धाग्यात शिरत नाही, बाईंडरचा पापुद्राच त्याला धरून ठेवतो; मग तो पापुद्राच कच्चा राहतोय का? वेळ ५ मिनिटं करू, की फिक्सर (बाईंडरची पकड घट्ट करणारं रसायन) घालू? माल लहान मुलांच्या झबल्यांचा आहे, त्यामुळे फॉर्माल्डिहाइड (त्वचेला त्रासदायक वायू) सोडणारा फिक्सर मला अजिबात नको. कुणी मऊ बाईंडर वापरला असेल तर प्रमाणासकट सांगा.