बीएस-6 गाडी: डीईएफ टाकी भरलेली, तरी दिवा लागतो आणि चढाला गाडी ओढत नाही

दहाचाकी_नाशिक
भिवंडी-नाशिक लाइनची दहाचाकी आहे, बीएस-6. मीटरवर डीईएफचा (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचा) दिवा आणि चेक इंजिन, दोन्ही लागलेत. युरियाची टाकी पाऊण भरलेली. सपाटीला ठीक चालते, कसाऱ्याच्या चढाला लोडमध्ये दम सोडते. स्कॅनरवर एरर कोड एसपीएन 4364, एफएमआय 18. कोड उडवला की थोडं चालते, पुन्हा तेच. आधी 100 लिटर डिझेलला 5 लिटर युरिया लागायचा, आता 2 पण जात नाही. गॅरेजवाला नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) बदला म्हणतो. बदलू का?

स्कॅनरवाला
थांबा, एवढ्यात खर्च करू नका. 4364 एवढंच सांगतो की एससीआरमध्ये (सायलेन्सरमधला कॅटलिस्ट, जिथे युरिया फवारून नॉक्स मोडतात) नॉक्स जेवढा कमी व्हायला हवा तेवढा होत नाही. का होत नाही, ते सांगत नाही. तुमच्या केसमध्ये खरी खूण युरियाचा खप आहे. तो निम्म्याच्याही खाली आला म्हणजे फवाराच कमी बसतोय.

इंजिन पूर्ण थंड करून सायलेन्सरवरचा डोसिंग इंजेक्टर काढा. टोकाला पांढरे खडे असतील तर कोमट डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, विरघळतात. तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर अजिबात घालू नका, भोक बिघडलं की इंजेक्टर गेला. करडा, दगडासारखा थर असेल तर तो पाण्याने जात नाही. मिक्सरपर्यंत (जिथे युरिया धुरात मिसळतो) पाइप खोलून बघावा लागेल. मग इंजेक्टर बाहेरच ठेवून, मापाच्या भांड्यात धरून स्कॅनरवरून डोसिंग टेस्ट घ्या. आकडा मॅन्युअलशी जुळवा. कमी भरला तर पंपाचा फिल्टर, टाकीतली सक्शन जाळी आणि टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं भोक) बघा. ब्रीदर धुळीने बुजला की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंप प्रेशर धरत नाही. परत बसवताना गॅस्केट नवीनच टाका.

घाटरस्ता
वरचं बरोबर आहे, पण खप कमी म्हणून सेन्सर निर्दोष, असं नाही. एससीआरच्या आधीचा सेन्सर नॉक्स कमी दाखवत असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आपणहून डोस कमी करतो. स्थिर आरपीएमला डोसिंग बंद ठेवून दोन्ही सेन्सरचे आकडे बघा, जवळपास सारखे यायला हवेत. मागचा सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो, म्हणजे इंजेक्टर गळत असेल तरी आकडा चढलेलाच दिसतो. आणि सेन्सर गरम असताना त्यावर पाणी मारू नका, आतलं सिरॅमिक तडकतं.

आता बॅटरीच्या मेन स्विचचं बघा. चावी बंद केल्यावर पंप लाइनमधला युरिया उलटा ओढून टाकीत घेतो, एक-दोन मिनिटं आवाज येत राहतो. ड्रायव्हर उतरला आणि लगेच स्विच पाडला की युरिया लाइनमध्येच राहतो, पाणी उडून जातं आणि खडा बसतो. ज्या गाड्यांत या स्विचने सगळाच सप्लाय तुटतो, तिथे ही सरळसरळ डिझाइनची चूक आहे. स्विच ड्रायव्हरच्या हाताशी, आणि शेजारी सूचना नाही! रंगाने लिहून ठेवा: आवाज थांबल्यावरच बंद.

दहाचाकी_नाशिक
स्विच रोज लगेच पाडतो ड्रायव्हर. युरिया 20 लिटरच्या बादलीतून भरतो, त्यात काही?

स्कॅनरवाला
बादलीचा प्रश्न नाही, नरसाळ्याचा आहे. डीईएफची नोझल 19 मिमीची ठेवली ती डिझेल चुकून पडू नये म्हणून. नरसाळं वापरलं की तो बंदोबस्त संपला. डिझेल-ऑइलचं नरसाळं युरियाला लावू नका, तेलाने पंपाची रबर सीलं फुगतात. रिफ्रॅक्टोमीटरवर (युरियाचं प्रमाण दाखवणारं यंत्र) 31.8 ते 33.2 टक्के यायला हवं. पण शेतीचा युरिया पाण्यात कालवला तरी 32.5 दाखवेल, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. त्या युरियावर निमतेलाचा लेप असतो, त्यातल्या अशुद्धीने कॅटलिस्ट मरतो. बादली सीलबंद आणि आयएसओ 22241 लिहिलेलीच घ्या.

घाटरस्ता
टाकीला हातही लावून बघा. युरिया उणे 11 अंशाला गोठतो म्हणून काही गाड्यांत कूलंटची गरम लाइन टाकीत फिरवलेली असते. कसाऱ्यात तिचा उपयोग शून्य, पण तिचा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर उन्हाळ्यात युरिया तापून अमोनिया सुटतो. टाकी चटका देण्याइतकी गरम लागली तर आधी तो व्हॉल्व्ह बघा.

दुरुस्तीनंतर नुसता कोड उडवून भागत नाही. स्कॅनरमधून एससीआर एफिशियन्सी टेस्ट चालवा किंवा लोडमध्ये, एक्झॉस्ट चांगला तापेपर्यंत गाडी पळवा. तोवर पॉवर कट (ईसीयूने मुद्दाम कमी केलेली ताकद) सुटणार नाही.