मदत हवी आहे: आईची धडधड, ईसीजी मात्र नॉर्मल (इंदूर)

सुदामानगर: आईला पंधरा दिवसांपासून मध्येच छातीत धडधड होते. दहा-वीस मिनिटांनी आपोआप थांबते. दोनदा दवाखान्यात नेलं, फूटी कोठीहून पलासियाला पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल, "गॅस असेल" म्हणाले. काल रात्री पुन्हा झालं, हातही थरथरत होते. इंदूरमध्ये चांगले हार्टचे डॉक्टर कोण? लवकर सांगा.

मेघना: वय? त्या वेळी नाडी किती? ठोके एका लयीत की वेडेवाकडे? चक्कर, दम, छातीत दुखणं असलं तर इथे लिहीत बसू नका, १०८ ला फोन करा.

सुदामानगर: ६१. बीपीच्या मशीनवर नाडी १३० दिसली. दुखत नाही, चक्कर नाही. लय कशी ते नाही पाहिलं. डॉक्टरांचं नाव सांगा ना.

रामबाग: मला हेच होतं, एसव्हीटी, म्हणजे ठोके अचानक खूप वेगाने पडायला लागतात. बटण दाबल्यासारखं सुरू आणि तसंच बंद. नाक-तोंड मिटून पंधरा सेकंद जोर द्यायचा, मग आडवं होऊन कोणाला तरी पाय वर धरायला सांगायचं. बहुतेकदा थांबायचं. शेवटी ॲब्लेशन केलं (नळी घालून हृदयातली बिघडलेली जागा जाळतात), तेव्हापासून नाही. काकूंची मान मात्र कोणी चोळू नका, या वयात धोक्याचं.

राजवाडा: चहा किती होतो? रात्री उशिरा सराफ्यात खाणं?

आयुर्वेदप्रेमी: अर्जुनाची साल दुधात उकळून द्या. माझ्या वडिलांना फरक पडला.

मेघना: नाडी १३० असताना काढा नको हो! आधी कळू दे काय आहे. एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, ठोके वेडेवाकडे पडतात ते) असेल तर हृदयात गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते.

आयुर्वेदप्रेमी: डॉक्टरकडे नेऊ नका असं मी कुठे म्हटलं?

विजयनगर: पेसमेकर असताना एमआरआय करता येते का? सासऱ्यांसाठी विचारतोय.

रामबाग: वेगळा धागा काढा ना. सुदामानगर, धडधड चालू असतानाच ईसीजी मिळायला हवा. मोठ्या डॉक्टरांकडे धावू नका, घराजवळ जिथे मशीन असेल तिथे काढा. आणि होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं मशीन) लावायला सांगा. रोज होत नसेल तर २४ तासांत सापडणार नाही, जास्त दिवसांचा मागा.

औषधवाला: गोळ्या कोणत्या चालू आहेत ते कोणीच विचारलं नाही. सर्दीच्या, दम्याचा पंप, थायरॉईड?

सुदामानगर: खास काही नाही. बीपीची आणि थायरॉईडची, ती तर दहा वर्षांपासून आहे. मध्ये थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची ७५ केली.

औषधवाला: मध्ये म्हणजे कधी? बाटली हातात घेऊन आईंना विचारा, रोज काय घेता.

सुदामानगर: विचारलं. ५० ची आणि ७५ ची, दोन्ही घेतेय, सव्वा महिना झाला. जुन्या बाटलीत गोळ्या उरल्या होत्या, फेकायच्या कशाला म्हणाली. मला कळायला हवं होतं.

औषधवाला: म्हणजे रोज १२५. थायरॉईड जास्त झालं की धडधड आणि थरथर दोन्ही होतात. डॉक्टरांना आजच फोन करा. रक्तात थायरॉईडचे टीएसएच, टी३, टी४, शिवाय पोटॅशियम आणि हिमोग्लोबिनही बघा. डोस कमी केला तरी लगेच उतरणार नाही, औषध शरीरात काही आठवडे राहतं.

मेघना: आणि कारण सापडलं म्हणून होल्टर टाळू नका. गोळीने एएफ सुरू झालेलं असू शकतं.

सुदामानगर: डॉक्टरांशी बोललो. उद्या सकाळी रक्त, दुपारी होल्टर. जुनी बाटली मी माझ्याकडे घेतली.

रामबाग: होल्टर लावल्यावर अंघोळ नाही. काकूंना आधीच उरकून घ्यायला सांगा.