टाइप वन डायबिटीस: जीएफआर 155 आलाय, जास्त म्हणजे चांगलं की वाईट?

काळजीत_आई: मुलगी 13 वर्षांची, मागच्या दिवाळीनंतर टाइप वन निघालं. परवा रक्तात क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा कचरा, किडनी तो बाहेर टाकते) 0.4, ईजीएफआर 155, आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या वयाच्या मानाने मोठ्या. डॉक्टर म्हणाले सुरुवातीला दिसतं असं, आधी शुगर खाली आणा. पण जीएफआर कमी झाला की किडनी गेली एवढंच ऐकलेलं, जास्त म्हणजे काय? वर जाऊबाईंचं चालूये, शुगरने रक्त घट्ट होतं, पातळ करायची गोळी दे.

पेनवाला: ताई, जीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते ते, तेव्हा किडनी ओव्हरटाइम करतेय असं समजा. शुगर वाढली की गाळलेल्या पाण्यातही साखर जास्त जाते, नळ्या ती परत ओढून घेतात आणि तिच्यासोबत मीठही ओढतात, मग पुढे मीठ कमी पोचतं आणि किडनीला वाटतं गाळणंच कमी पडतंय, ती आत येणारी रक्तवाहिनी सैल सोडते, गाळणीवर दाब वाढतो, झाला जीएफआर 155. डेन्मार्कच्या मोगेनसेननी 1970 च्या दशकातच दाखवलंय की नव्या पेशंटमध्ये किडनी मोठी आणि जीएफआर चढलेला असतो आणि इन्सुलिन नीट सुरू केलं की दोन्ही उतरतात. डॉक्टर बरोबर बोलतायत.

लॅबकोट: आधी उंची सांगा. मुलांचा ईजीएफआर 0.413 गुणिले सेंटिमीटरमधली उंची भागिले क्रिएटिनिन असा काढतात, बऱ्याच लॅब मोठ्यांचंच सूत्र लावून मोकळ्या होतात.

काळजीत_आई: 150.

लॅबकोट: मग 155 बरोबरे. पण हा अंदाजच हं, बारीक मुलांत क्रिएटिनिन तसंही कमी असतं. खरं लक्ष लघवीतल्या अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन)-क्रिएटिनिन रेशोवर ठेवा, 30 च्या आत हवा.

रक्तपेढी_रिटायर्ड: जाऊबाई अगदीच चुकीच्या नाहीत! शुगर सतत वर राहिली की लाल पेशी कडक होतात, आणि केशवाहिन्या तर पेशीपेक्षाही अरुंद, तिथून त्यांना वाकूनच जावं लागतं. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रोटीन) वाढतं, पेशी एकमेकींना चिकटतात, प्लाझ्मा दाटतो. पण ‘पातळ करायची’ गोळी गुठळी होऊ नये म्हणून असते, तिने यातलं काही सुटत नाही. आणि मुलांना ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊच नका, इथे इन्सुलिन हेच औषध.

काळजीत_आई: हुश्श. मग रेशोला लघवी कधीची द्यायची?

लॅबकोट: सकाळची पहिली. ताप असताना, पाळीत किंवा आदल्या दिवशी खूप खेळली असेल तर नको, उगाच वाढलेलं येतं. एकदा जास्त आलं तरी घाबरू नका, तीनपैकी दोनदा आलं तर मग बोला डॉक्टरांशी.