मदत हवी आहे : गीतेनंतरचं धृतराष्ट्राचं मौन कसं वाचावं?

अभ्यासवर्गासाठी टिपण तयार करत आहे. गीतेत धृतराष्ट्र एकदाच बोलतो, पहिल्याच श्लोकात. पुढे ‘यत्र योगेश्वरः कृष्णो’ (जिथे कृष्ण आणि अर्जुन, तिथे विजय) या शेवटच्या श्लोकापर्यंत तो गप्प. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीत ही मोकळी जागा भरली आहे: संजय आनंदाने भरून येतो, राजा मात्र कोरडाच राहून जय कोणाचा ते विचारतो, आणि शेवटचा श्लोक त्याचं उत्तर ठरतो. मला ही जोड विलक्षण वाटते, कारण तिला आधार मुळातच आहे. संजय न विचारता एकदम विजयाबद्दल का बोलतो, हा प्रश्न श्लोकातूनच उठतो.

मौनाचा अर्थ लावताना मी आधी मागचा-पुढचा मजकूर बघतो. महाभारताच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या चिकित्सक (पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीत गीता भीष्मपर्वाच्या अध्याय 23 ते 40 मध्ये येते. भीष्म पडल्याची बातमी संजय त्याआधीच देतो, म्हणून पहिल्या श्लोकात ‘किमकुर्वत’ (‘काय केलं?’) हा भूतकाळ. अध्याय 42 मध्ये राजा पुन्हा बोलतो आणि विचारतो, पहिला प्रहार कोणी केला? उपदेशाबद्दल अवाक्षर नाही. गीतेची पोथी सुटी वाचली की हे निसटतं आणि मौनाला वाटेल तो अर्थ चिकटवला जातो.

दोन गोष्टी हव्यात:

1. शांकरभाष्य (शंकराचार्यांची गीतेवरची टीका) श्लोकवार 2.11 (अध्याय 2, श्लोक 11) पासून सुरू होतं, त्यामुळे 1.1 साठी तिथे फारसं मिळत नाही. भीष्म पडल्याचं लक्षात घेऊन 1.1 उलगडणारी टीका कोणती? अध्याय-श्लोकासह सांगा.

2. ज्ञानेश्वरीतल्या या प्रसंगाचे पाठभेद (पोथ्यांमधले शब्दांचे फरक) कोणी ताडून पाहिलेत का? ओवी क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून ओवीचा पहिला चरणही द्यावा.